ओ कुठून आला?

शाळा उघडल्या की सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरच्या लॅबमध्ये दप्तरवाल्यांची गर्दी वाढते. ताप नाही, खोकला नाही. शाळेच्या ओळखपत्राच्या फॉर्मवर ‘रक्तगट’ असा एक रकाना असतो; तो मोकळा दिसला की बाई फॉर्म परत पाठवतात. मग कुणी वडिलांच्या गाडीवर पुढे बसून येतं, कुणी आजीचा हात धरून. दारापर्यंत चिखलाची पावलं, आत स्पिरिटचा वास, आणि सुई म्हणजे काय याची पुरती कल्पना असलेली सात-आठ वर्षांची पोरं भिंतीला पाठ लावून उभी. मी कोपऱ्यातल्या बाकावर बसून हे काम बघत होतो.

लॅबच्या मॅडम कराडला डीएमएलटी शिकल्या आहेत. फ्रीजमधून त्या तीन लहान बाटल्या काढतात. निळं पाणी अँटी-ए, पिवळं अँटी-बी, बिनरंगाचं अँटी-डी. दोन ते आठ अंश तापमानात ठेवलं नाही तर हे द्रव नरम पडतात, म्हणून वीज गेली की मॅडमचं पहिलं लक्ष फ्रीजकडे. स्वच्छ काचेची पट्टी, तिच्यावर पेशंटचा नंबर. मग पोराचं बोट. “कितवीत गेलास? बाई कोण आहेत तुला?” पोरगं बाईंचं नाव सांगेपर्यंत टोचून झालेलं असतं. पहिला थेंब कापसाने पुसून टाकायचा, पुढचे तीन काचेवर घ्यायचे, प्रत्येकाशेजारी एकेका बाटलीतला एक थेंब सोडायचा आणि दर वेळी नवी काडी घेऊन ढवळायचं. एकच काडी फिरवली तर सगळाच घोळ. मग काच हातात धरून हळूहळू डोलवायची.

काही सेकंदांत एखादा थेंब फाटायला लागतो. एकसारखा लाल दिसणारा ठिपका आधी रवाळ होतो, मग त्यात विटकरी दाणे सुटे होतात आणि मधलं पाणी निवळतं. निळ्यात दाणे आले तर ए, पिवळ्यात आले तर बी, दोन्हींत आले तर एबी, दोन्हींत नाही आले तर ओ. तिसऱ्या थेंबावरून पॉझिटिव्ह-निगेटिव्ह. निकाल दोन मिनिटांच्या आत वाचायचा. पुढे थेंबाचा काठ सुकतो, आणि सुकलेलं रक्तही दाण्यांसारखंच दिसतं. घाईच्या लॅबमधले चुकीचे रिपोर्ट बरेचदा याच काठावर जन्माला येतात.

एका दुपारी एक जोडपं मुलाला घेऊन आलं, सोबत आजी. मुलाच्या काचेवर निळा गप्प, पिवळा गप्प, तिसऱ्यात ढळढळीत दाणे. ओ पॉझिटिव्ह. वडिलांनी रिपोर्ट वाचला, खिशातलं रक्तदानाचं कार्ड काढलं, दोन्ही शेजारी धरले. “मॅडम, माझा बी पॉझिटिव्ह हाय. हिचा डिलिव्हरीच्या टायमाला बीच निघालावता. मग ह्याचा ओ कुठनं आला?”

बायको फरशीकडे बघायला लागली. दर जूनमध्ये कुणीतरी हे विचारतंच, असं मॅडम मला नंतर म्हणाल्या. बहुतेक लोक सहज विचारतात. काही जण सहज विचारत नाहीत.

मॅडमनी उत्तर दिलंच नाही, त्या आजीकडे वळल्या. “आजी, तुमचा गट माहितीये का?”

“माझा कशाला गं बाई? मला काय शाळंत जायचंय?”

पण आजीने बोट पुढे केलं. पैसे नाही घेतले. काचेवर निळा गप्प, पिवळा गप्प. आजी ओ.

“हे बघा,” मॅडम मुलाच्या बापाला म्हणाल्या, “तुमच्यातला ओ हितनं आला.”

त्यांनी रिपोर्टच्या पाठीमागे पेनाने जे काढलं ते असं. माणसाकडे रक्तगटाची जनुकं दोन असतात, एक आईकडचं, एक बापाकडचं. नवव्या गुणसूत्रावर त्यांची जागा. ए जनुक लाल पेशीवर एक साखर चढवतं, बी दुसरी. ओ काहीच चढवत नाही, ते नुसतं पुढच्या पिढीत जातं. त्यामुळे बी आणि बी असलेला माणूस काचेवर बी दिसतो, आणि बी आणि ओ असलेलाही बीच दिसतो. आजीकडे दोन्ही ओच असल्याने लेकाला देण्यासारखं तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. लेकाने तो ओ पस्तीस वर्षं बीच्या आड बाळगला. बायकोकडेही एक दडलेला ओ असणारच. तिची आई-आजी शोधायला नको, हे पोरगंच त्याचा पुरावा. अशा जोडप्याला प्रत्येक बाळंतपणात ओ गटाचं मूल होण्याची शक्यता चारात एक. आधीची तिन्ही बी झाली म्हणून चौथं ओ होईल असं नाही. हिशेब दर वेळी पहिल्यापासून. आई ए-ओ आणि बाप बी-ओ असला तर एकाच घरात चार भावंडांचे चार गट निघू शकतात. दोघं पॉझिटिव्ह असून मूल निगेटिव्ह होतं तेही याच चालीने.

बापाचा चेहरा सैल झाला. आजी मात्र खूश दिसली. नातवाचं नाक सुनेच्या माहेरचं, रंग सुनेच्या माहेरचा; निदान रक्त तरी आपल्याकडचं निघालं.

हा हिशेब वाटतो तितका जुना नाही. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये व्हिएन्नात रक्तगट दाखवले, पण ते वारशाने कसे उतरतात याचं कोडं पुढे बरीच वर्षं सुटत होतं. एमिल फॉन डुंगर्न आणि लुडविक हिर्शफेल्ड यांनी १९१० च्या सुमारास हायडेलबर्गच्या प्राध्यापकांच्या घरची रक्तं तपासून गट वारशाने येतात हे पक्कं केलं. त्यांची समजूत मात्र अशी होती की ए आणि बी यांची जनुकं दोन निरनिराळ्या जागी असतात. पहिल्या महायुद्धात हिर्शफेल्ड पतिपत्नींनी सालोनिकाच्या आघाडीवर देशोदेशीच्या सैनिकांचं रक्त तपासलं. त्यात हिंदी सैनिकही होते, आणि त्यांच्यात बी गट युरोपीयांपेक्षा कितीतरी जास्त निघाला. असे आकडे घेऊन फेलिक्स बर्नस्टाइन या गणितज्ञाने १९२४ मध्ये दाखवलं की जागा एकच, आणि तिथे बसणारे प्रकार तीन. सुई न धरता, नुसत्या आकडेमोडीने. त्यातूनच पुढे नियम निघाला: एबी गटाच्या आईबापाला ओ मूल नाही, आणि ओ गटाच्या आईबापाला एबी मूल नाही. शाळेच्या पुस्तकातला तक्ता आजही हेच सांगतो.

तो तक्ता आपल्याच मुलखाने मोडला. परळच्या केईएम रुग्णालयात आणि त्याला जोडलेल्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं रक्त सापडलं की जे दिसतं ओसारखं, पण ओ गटाचं रक्तही त्याला चालत नाही. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांसह त्यांनी १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते प्रसिद्ध केलं. लेखकांत भेंडे, देशपांडे, भाटिया ही नावं रेस, सँगर, मॉर्गन, वॉटकिन्स यांच्या बरोबरीने आहेत. हाच बॉम्बे रक्तगट.

कारण असं. ए आणि बी या साखरा पेशीवर थेट चढत नाहीत; आधी तिथे एच नावाचा पाया लागतो. ओ गटाच्या माणसाकडे हा एच भरपूर असतो, त्यावर पुढचं काही नसतं, एवढंच. बॉम्बे गटात एचच नाही. भिंतच नाही तर खुंटी ठोकायची कुठे? माणसाकडे बीचं धडधाकट जनुक असेल, तरी काचेवर ते दिसणार नाही. पण मुलांना ते जाईल, आणि जोडीदाराकडून एच मिळालेल्या मुलात ते उघड होईल. फिलिप लेव्हिन यांनी १९५५ मध्ये अमेरिकेत अशाच एका बाईची नोंद केली: तिच्या पेशींवर बी नाही, पण मुलीला बी तिच्याकडूनच गेलेला. तक्ता समोर ठेवला असता तर ही आई त्या मुलीची नव्हेच म्हणावं लागलं असतं.

एचचं जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर असतं, ए-बी-ओच्या नवव्याशी त्याचा संबंध नाही. आईबाप दोघांकडूनही बिघडलेली प्रत मिळाली तरच बॉम्बे गट होतो. भाटिया आणि साठे यांनी १९७४ मध्ये मुंबईचं प्रमाण ७,६०० माणसांत एक असं मांडलं. युरोपात ते दहा लाखांत एकाच्या आसपास सांगतात. महाराष्ट्रात या गटाच्या नोंदी दक्षिणेकडे दाटतात: सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. दहा हजारांत एक जरी धरला, तरी साध्या गणिताने बिघडलेली एक प्रत जवळ बाळगणारा माणूस पन्नासांत एक येतो. म्हणजे दहा हजार वस्तीच्या गावात दोनशे जण. त्यांना स्वतःला त्याचा काही त्रास नाही, कुठल्या रिपोर्टात ते येतही नाही.

त्यात आपल्याकडची मामाच्या मुलीची लग्नं. इरावती कर्वे यांनी महाराष्ट्राच्या नातेसंबंधांवर लिहिताना या रिवाजाची नीट दखल घेतली आहे, आणि साताऱ्याकडच्या माणसाला त्यासाठी पुस्तक उघडावं लागत नाही. जमीन घरात राहते, सासू म्हणजे आत्याच, पोरगी रुळते. पण ज्या आजोबांकडे ती प्रत होती, त्यांची नातवंडं दोन्ही बाजूंनी तिच्याजवळ येतात. एखाद्याकडे प्रत असेल तर अनोळखी घरातल्या मुलीकडे ती असण्याची शक्यता पन्नासांत एक; मामाच्या मुलीकडे आठांत एकाहून थोडी जास्तच.

ही काच एच बघू शकत नाही, हे मॅडमना पक्कं ठाऊक आहे. बॉम्बे गटाचा माणूस इथे आला तर त्याला ‘ओ’ असाच रिपोर्ट मिळेल, आणि तो तसाच ओळखपत्रावर छापला जाईल. ते उघडं पडतं रक्तपेढीत. तिथे पेशी तपासतात तसा वरचा पिवळा द्रवही तपासतात, म्हणजे उलटी तपासणी. माहीत असलेल्या ओ पेशी त्यात घातल्या आणि त्यांचे दाणे झाले की तंत्रज्ञ सावध होतो. तान्ह्या बाळात ही उलटी तपासणी लागू पडत नाही, कारण बाळाची स्वतःची प्रतिद्रव्यं काही महिन्यांनी तयार होतात. पेशींवरचे ए-बीही जन्मतः कच्चे असतात. दवाखान्याच्या डिस्चार्ज कार्डावरचा गट आणि पहिलीत गेल्यावरचा गट वेगळा निघण्यामागे बऱ्याचदा एवढंच असतं. ‘दवाखान्यात बाळ बदललं’ ही शंका मात्र आधी येते.

माझं मत विचाराल तर ज्या भागात बॉम्बे गट इतका मुरलेला आहे, त्या भागात काचेच्या पट्टीवरून कुणाच्या संसाराचा निकाल लावायचा कुणालाच अधिकार नाही. सर्वोच्च न्यायालयाने गौतम कुंडू खटल्यात १९९३ मध्येच सांगितलं की अशा शंकेवरून रक्ततपासणीचा हुकूम सरसकट देता येणार नाही आणि रक्त देण्याची कुणावर सक्ती करता येणार नाही. तिथेही मुद्दा पोटगी चुकवू पाहणाऱ्या बापाचाच होता. नवरा-बायकोच्या संसारात जन्मलेलं मूल त्यांचंच, हे गृहीत जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ११२ मध्ये होतं, नव्या साक्ष अधिनियमात ते ११६ मध्ये आहे. लॅबमध्ये ही कलमं कुणी सांगत नाही. मॅडम रिपोर्टच्या तळाला फक्त ‘स्लाइड पद्धत, रक्त देण्या-घेण्यापूर्वी पुन्हा तपासावे’ असा शिक्का मारतात.

पुन्हा तपासल्यावर बॉम्बे गट निघालाच, आणि त्या माणसाचं ऑपरेशन तोंडावर असलं, तर साधा ओ देणं जीवघेणं ठरतं. त्याला बॉम्बेच हवं. आईबापाचं बहुधा चालत नाही. दोघांकडे एकेक चांगली प्रत असते, म्हणजे एच असतो. म्हणून रक्तपेढीवाले आधी सख्ख्या भावंडांना बोलावतात, कारण त्यांच्यात चारांतल्या एकाकडे तेच रक्त असण्याची शक्यता असते. मग आत्ये-मामे भावंडं. सगळे आपापली ओ पॉझिटिव्हची कार्डं घेऊन येतात, आणि पेढीत ती बाजूला ठेवून प्रत्येकाचं रक्त नव्याने काढलं जातं.