सोमवारचे एकाशन

घरात सूर्यास्तापूर्वीच जेवणे उरकत असतील, तर सोमवारी रात्रीचे जेवण सोडायचे म्हणजे नेमके काय सोडायचे? १९६५ सालचा पावसाळा सरला, तेव्हा रत्नागिरीच्या बाजारपेठेतील जैन घरांतून लहान मुलांना हा प्रश्न पडला होता. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी देशवासीयांना आठवड्यातून एक वेळचे अन्न वर्ज्य करण्याचे आवाहन केले होते. हा नियम त्यांनी आधी स्वतःच्या कुटुंबात पाळून पाहिला आणि मगच लोकांपुढे ठेवला, असे मोठी माणसे कौतुकाने सांगत. घरातल्या आजीने मुलांचा प्रश्न एका वाक्यात निकालात काढला : सोमवारी सकाळी एकदाच पानावर बसायचे, एकाशन करायचे. आज सत्तरीकडे झुकलेल्या पिढीच्या मनात शास्त्रीजींची जी मूर्ती आहे, ती अशी ताटाच्या वाटेने शिरलेली आहे.

त्याआधीचे वर्षभर मात्र पेढीवर या नेत्याविषयी फारसे चांगले बोलले जात नसे. ९ जून १९६४ रोजी नेहरूंच्या जागी आलेला हा ठेंगणा, धोतर नेसणारा, हळू आवाजात बोलणारा गृहस्थ राज्यशकट कसा हाकणार, अशी शंका गादीवर बसून उघड व्यक्त होई. नाराजीला व्यापारी कारणेही होती. १९६३ च्या सुवर्ण नियंत्रणाने चौदा कॅरटहून अधिक शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवण्यास बंदी आणली आणि सराफांचा धंदा बसला. धान्याच्या व्यापारावर परवान्यांची आणि वाहतुकीच्या निर्बंधांची बंधने होती. त्यात तांदूळ हाच ज्याचा आहार, पण स्वतःच्या शेतात वर्षभर पुरेल एवढा तो पिकत नाही, असा हा जिल्हा. मालासाठी घाटाकडे डोळे लावून बसावे लागे.

सप्टेंबर उजाडला तेव्हा घरोघरी गणपती बसलेले होते आणि दिगंबर मंदिरांतून दशलक्षण पर्व चालू होते. १ सप्टेंबरला छांबवर हल्ला झाला. ६ तारखेला, तोही सोमवारच, भारतीय सेनेने लाहोरच्या दिशेने सीमा ओलांडली. ज्या मृदू गृहस्थाची थट्टा होत होती, त्याने हा निर्णय घेतला, हे कळताच बाजाराचा सूर एका दिवसात पालटला. रेडिओ असलेल्या दुकानापुढे गर्दी जमू लागली. ७ सप्टेंबरच्या रात्री पाकिस्तानी युद्धनौकांनी द्वारकेवर तोफा डागल्या, तेव्हा मांडवीच्या धक्क्यावर खेळणाऱ्या मुलांना समुद्र निराळा दिसू लागला. क्षितिजावरचे प्रत्येक शीड ती निरखून पाहत. संरक्षणमंत्रिपदी कराडचे यशवंतराव चव्हाण असल्याने महाराष्ट्राला या युद्धात आपले माणूस आहे असे वाटे. तरी मुलांचे मन वेधले शास्त्रीजींनी. त्यांची उंची मुलांना आपल्या आवाक्यातली वाटे.

रत्नागिरीच्या वृद्धांना या तुलनेत एक वेगळीच आठवण होती. त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेला किंवा वडिलांकडून ऐकलेला युद्धकाळातला राजा म्हणजे ब्रह्मदेशाचा थिबा. १८८५ च्या अल्पशा लढाईत राज्य गमावून तो १८८६ मध्ये येथे आणला गेला आणि १९१६ मध्ये येथेच वारला. हरलेला राजा राजवाड्यात राहिला आणि जिंकणारा पंतप्रधान एक वेळ उपाशी राहतो, हे त्या वृद्धांचे बोलणे मुलांना तेव्हा फारसे उमगले नाही.

आदराच्या या भरतीत एक कडू धारही होती. ‘जय जवान, जय किसान’ या घोषणेत व्यापारी कुठेच नव्हता. उलट टंचाईचा दोष साठेबाजांवर येई. ज्या मुलाच्या वडिलांचे धान्याचे दुकान, त्याला शाळेत हा शब्द ऐकावा लागे. प्रभातफेरीत घोषणा देणारा तोच मुलगा घरी येऊन वडिलांना गोदामाविषयी विचारी. सगळेच व्यापारी निर्दोष होते असे म्हणणे धारिष्ट्याचे ठरेल. पण हिशेबाची वही उघडून मुलाला दाखवणारे वडीलही होते, आणि तो प्रसंग बापलेक दोघेही विसरले नाहीत. ऑक्टोबरअखेर सरकारने १९८० साली सोने परत देणारे राष्ट्रीय संरक्षण सुवर्ण रोखे काढले. ज्या घरांनी सुवर्ण नियंत्रणाचा फटका सोसला होता, त्यांतल्या काहींच्या तिजोरीतून पाटल्या निघाल्या. सासूची पाटली द्यावी की नाही, यावर स्वयंपाकघरात रात्री उशिरापर्यंत दबक्या आवाजात चर्चा चाले.

१० जानेवारी १९६६ रोजी ताश्कंदला करार झाला. ऑगस्टमध्ये जवानांनी रक्त सांडून घेतलेली हाजी पीर खिंड परत जाणार, म्हणून पेढीवर संताप उसळणार होता. त्याला वेळच मिळाला नाही. त्याच रात्री शास्त्रीजी गेले. मंगळवारी सकाळी बातमी आली आणि संक्रांतीचा तिळगूळ त्या वर्षी मुकाट्याने वाटला गेला.

करार झाला तो दिवस सोमवार होता. आदल्या संध्याकाळी आपल्या घरची चूल पेटली नव्हती, हे मुलांच्या ध्यानात फार पुढे आले. काही घरांतून सोमवारचे एकाशन त्यानंतरही कित्येक वर्षे चालू राहिले. शेजाऱ्यांना ते शंकराचे व्रत वाटे.