पोकळी फुकट मिळत नाही! लॅबमधला व्हॅक्यूम पंप सांभाळायला एवढा खर्च का येतो?

नाशिकरोडहून एकलहऱ्याकडे निघालं की औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या लांबूनच दिसतात. इथे प्रत्येकी २१० मेगावॉटचे तीन संच आहेत. कोळसा, राख, धूर याबद्दल सगळेच बोलतात. पण या विजेसाठी आणखी एक गोष्ट लागते, जी कुणालाच दिसत नाही. ती म्हणजे व्हॅक्यूम, म्हणजेच निर्वात पोकळी.

टर्बाइन फिरवून झालेली वाफ कंडेन्सरमध्ये येते आणि थंड होऊन तिचं पाणी होतं. कंडेन्सरमधला दाब बाहेरच्या हवेच्या दाबाच्या साधारण एक दशांश असतो. एवढ्या कमी दाबाला एक किलो वाफ १४ हजार लिटरच्या आसपास जागा व्यापते आणि तिचं पाणी होतं जेमतेम एक लिटर! म्हणजे पोकळी मुख्यतः वाफ आकसल्यामुळेच तयार होते. पण फटींतून आत शिरणारी हवा सतत बाहेर काढावी लागते. औष्णिक केंद्रांमध्ये त्यासाठी वाफेवर चालणारे इजेक्टर किंवा व्हॅक्यूम पंप असतात. व्हॅक्यूम बिघडला की तेवढ्याच विजेसाठी जास्त कोळसा जाळावा लागतो. म्हणून त्याच्या काट्यावर चोवीस तास नजर असते.

आता याच पंपाचा छोटा भाऊ बघा. तो कॉलेजच्या किंवा कंपनीच्या लॅबमध्ये टेबलाखाली बसलेला असतो. त्याच्याकडे मात्र बंद पडेपर्यंत कुणी बघत नाही.

लॅबमध्ये हा पंप करतो काय?

एकलहरे परिसरात अभियांत्रिकी आणि औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालयं आहेत. जवळच शिलापूरला केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेची प्रादेशिक चाचणी प्रयोगशाळा आहे. सातपूर आणि अंबडच्या एमआयडीसीत औषध कंपन्या आहेत. अशा ठिकाणच्या कामांत व्हॅक्यूम पदोपदी लागतो.

द्रावण पटकन गाळायचं असेल, तर फिल्टरच्या खालून हवा ओढून घेतात. उष्णतेने खराब होणारा पदार्थ वाळवायचा असेल, तर दाब कमी करतात. दाब कमी झाला की द्रव कमी तापमानाला उकळतो. रोटरी इव्हॅपोरेटर, व्हॅक्यूम ओव्हन, फ्रीझ ड्रायर ही सगळी यंत्रं याच तत्त्वावर चालतात. ट्रान्सफॉर्मरच्या तेलातला ओलावा आणि त्यात विरघळलेले वायू बाहेर काढायलाही व्हॅक्यूमच लागतो.

समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १०१३ मिलिबार असतो. नाशिक साधारण ६०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे तो साडेनऊशेच्या आत असतो. तेलावर चालणारा चांगला रोटरी व्हेन पंप हा दाब एका मिलिबारच्या हजाराव्या भागापर्यंत खाली आणू शकतो.

मग खर्च कुठे होतो?

या पंपात एक फिरता रोटर असतो आणि त्यात सरकणाऱ्या पट्ट्या असतात. त्या हवा पकडतात, दाबतात आणि बाहेर ढकलतात. पट्ट्या आणि भिंत यांच्यातली बारीक फट तेलाने बुजलेली असते. म्हणजे तेल इथे फक्त वंगण नाही, हवा रोखणारं सीलही तेच आहे. तेल खराब झालं, की पंप फिरतो, आवाज करतो, पण व्हॅक्यूम देत नाही.

तेल खराब कसं होतं? लॅबमधून पंपात फक्त हवा जात नाही. पाण्याची, अल्कोहोलची, अॅसिटोनची, कधी आम्लाचीही वाफ जाते. पंप ती वाफ दाबतो, तेव्हा तिचा पुन्हा द्रव होतो आणि तो तेलात मिसळतो. पाणी शिरलं की तेल दुधाळ दिसतं. आम्ल शिरलं की आतला धातू गंजायला लागतो.

अनेक कंपन्या स्वच्छ कामासाठी साधारण ३००० तासांनी तेल बदलायला सांगतात. एक हिशेब करू. पंप रोज ६ तास आणि वर्षाला २०० दिवस चालला, तर झाले १२०० तास. म्हणजे तेल अडीच वर्षं पुरेल असं वाटतं. पण रसायनांची वाफ थेट आत जात असेल, तर तेच तेल काही आठवड्यांतही बाद होऊ शकतं. त्यामुळे तासांपेक्षा तेलाच्या रंगावर जास्त विश्वास ठेवावा लागतो.

विजेचाही हिशेब आहे. पाऊण हॉर्सपॉवरची, म्हणजे साधारण ०.५५ किलोवॉटची मोटर पूर्ण भाराने १२०० तास चालली, तर ६६० युनिट लागतात. युनिटला १० रुपये धरले, तर वर्षाला ६६०० रुपये.

यात भर पडते ती सील, व्हेन, फिल्टर, रबरी नळ्या आणि तंत्रज्ञाच्या फेऱ्यांची. शिवाय काढलेलं जुनं तेल बेसिनमध्ये ओतता येत नाही. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेलं तेल हा घातक कचरा आहे. ते साठवून अधिकृत यंत्रणेकडेच द्यावं लागतं.

पाण्यावर चालणारा स्वस्त पर्याय आहे की!

नळाला लावायचा वॉटर जेट पंप खरंच स्वस्त असतो. त्यात फिरणारा एकही भाग नाही. पण तो पाणी पितो. मिनिटाला ८ लिटर धरले, तर तासाला ४८० लिटर होतात. तीन तासांच्या एका प्रॅक्टिकलमध्ये १४४० लिटर पाणी गटारात जातं, म्हणजे गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीपेक्षाही जास्त.

दुसरी मर्यादा निसर्गाची आहे. पाण्याची स्वतःचीच वाफ होत असते. २५ अंशाला तिचा दाब सुमारे ३२ मिलिबार असतो. त्याच्या खाली हा पंप जाऊच शकत नाही.

बिनतेलाचा डायफ्राम पंपही मिळतो. त्यात रसायनांना दाद न देणारा टेफ्लॉनचा पडदा असतो. गाळणी आणि रोटरी इव्हॅपोरेटरसाठी तो पुरेसा होतो. घेताना महाग पडतो, पण तेलाचा खर्च वाचतो. पडदे आणि व्हॉल्व्ह मात्र ठराविक काळाने बदलावे लागतात. फ्रीझ ड्रायरसारख्या कामाला मात्र त्याहून खोल व्हॅक्यूम लागतो.

खरी अडचण पंपाची की बजेटची?

संस्थांच्या बजेटमध्ये दोन कप्पे असतात. एक अनावर्ती, म्हणजे यंत्र खरेदीचा. दुसरा आवर्ती, म्हणजे दरवर्षीच्या खर्चाचा. यंत्र पहिल्या कप्प्यातून येतं. तेल, सील आणि दुरुस्ती दुसऱ्यातून. पहिल्याला मंजुरी मिळाली म्हणून दुसऱ्यात पैसे असतीलच असं नाही. मग तेलाचा डबा मागवायचं पुढे ढकललं जातं आणि शेवटी सगळा पंपच उघडावा लागतो.

देखभाल कराराचंही नीट वाचायला हवं. एएमसीमध्ये बहुतेक वेळा फक्त तपासणी आणि मजुरी येते, सुटे भाग वेगळे पडतात. सीएमसीमध्ये सुटे भागही धरलेले असतात. पण त्यातूनही तेल आणि पट्ट्यांसारख्या झिजणाऱ्या वस्तू अनेकदा वगळलेल्या असतात.

याची किंमत फक्त पैशात मोजून चालत नाही. पंप एकच चालू असेल, तर पाच गट प्रयोग करण्याऐवजी एकाचा प्रयोग बघतात. फ्रीझ ड्रायरचा पंप मध्येच ढेपाळला, तर गोठलेला नमुना वितळतो आणि अनेक दिवसांची मेहनत वाया जाते. नमुना पूर्ण वाळला नाही, तर वजन चुकतं आणि चुकीचा आकडा वहीत उतरतो.

हे टाळता येतं का?

बऱ्याच अंशी येतं, आणि त्यातल्या बहुतेक गोष्टी स्वस्त आहेत.

• पंप आणि यंत्र यांच्यामध्ये कोल्ड ट्रॅप लावा. कोरड्या बर्फाने तो उणे ७८ अंशांपर्यंत थंड होतो. बरीचशी वाफ तिथेच गोठते, तेलापर्यंत पोहोचत नाही.

• गॅस बॅलास्टचा व्हॉल्व्ह वापरा. १९३५ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ वोल्फगांग गेडे यांनी ही युक्ती काढली. पंपात थोडी बाहेरची हवा सोडली, की वाफ द्रव व्हायच्या आत बाहेर पडते. काम संपल्यावर नळी बंद करून, हा व्हॉल्व्ह उघडा ठेवून पंप अर्धा तास चालवला तर तेलातला बराच ओलावा निघून जातो.

• व्हॅक्यूम मिळत नसेल, तर आधी पंपाला दोष देऊ नका. नळी काढा, गेज थेट पंपाच्या तोंडाला लावा. तिथे आकडा बरोबर आला, तर गळती बाहेर आहे. चिरलेली रबरी नळी किंवा जुनी ओ-रिंग बदलली की काम होतं.

• पंपाशेजारी एक वही ठेवा. तारीख, चाललेले तास, तेलाचा रंग आणि मिळालेला दाब लिहा. दोन ओळींचं काम आहे.

वीज केंद्रात व्हॅक्यूमचा काटा जरा हलला तरी लगेच कारण शोधलं जातं, कारण तिथे नुकसान टनभर कोळशात दिसतं. लॅबमध्ये ते दिसत नाही, एवढाच फरक. म्हणून पुढच्या वेळी नव्या पंपाचा प्रस्ताव लिहाल, तेव्हा त्याच कागदावर पुढच्या पाच वर्षांचं तेल, सील आणि दुरुस्ती यांचीही ओळ टाका.