शुक्रवारी साडेतीननंतर

लोकसभेत शुक्रवारी दुपारी साडेतीनला एक वेगळेच काम सुरू होते. तोवर बऱ्याच खासदारांना परतीची विमाने, गाड्या खुणावू लागलेल्या असतात. संसद टीव्ही लावला की रिकामी बाकेच आधी नजरेत भरतात. पीठासीन अध्यक्ष नाव पुकारतात. सदस्य उभा राहतो, विधेयक मांडायची परवानगी मागतो. 'हो'चा आवाज उठतो, सदस्य 'मी विधेयक मांडतो' म्हणतो आणि खाली बसतो. अर्धे मिनिटही लागत नाही. लगेच पुढचे नाव. कुणाचे विधेयक आरोग्याचे, कुणाचे रस्ते सुरक्षेचे, कुणाचे भेसळीचे. इकडे तुळजापुरात बाहेर कुणाच्या तरी गोंधळाचे संबळ वाजत असते आणि मी टीव्हीसमोर वही घेऊन नावे टिपत बसतो. घरचे याला रिकामपणाचा उद्योग म्हणतात.

ही खासगी विधेयके. मंत्री आणतो ते सरकारी विधेयक. मंत्री नसलेला कोणताही खासदार, सत्तेतला असो की विरोधातला, स्वतःच्या नावाने आणतो ते खासगी. स्वातंत्र्यानंतर अशी फक्त १४ विधेयके कायदा होऊ शकली आणि त्यातले शेवटचे १९७० मधले. त्यानंतर एकही नाही. हा आकडा सांगितला की समोरचा हसतो आणि विचारतो, "मग हा सगळा खटाटोप कशाला?"

आमच्याकडे हा प्रश्न जास्तच रास्त वाटतो. धाराशिवचे खासदार ओमराजे निंबाळकर यांची ख्याती फोन उचलणारा खासदार अशी. लोक फोन करतात ते रोहित्र जळाले म्हणून, पीकविमा आला नाही म्हणून, दवाखान्यात खाट मिळेना म्हणून. फोन उचलला जातो हे चांगलेच. पण या धबडग्यात आपण खासदाराला तक्रारीची खिडकी करून टाकले आहे. दिल्लीला त्याला पाठवले ते कायदे करायला, हे मतदान होताच आपण विसरतो. त्यालाही मग त्याची आठवण राहत नाही. कुठल्याही पक्षाचा असो.

खटाटोप कशाला, याचे उत्तर जुन्या इतिहासात सापडते. कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे ना. म. जोशी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून केंद्रीय कायदेमंडळात नियुक्त सदस्य होते. १९२४ मध्ये त्यांनी कामगार स्त्रियांना बाळंतपणाचा लाभ देणारे विधेयक आणले. ते फेटाळले गेले. चार वर्षांनी मुंबई विधिमंडळात तिथले सदस्य आसवले यांनी याच विषयावर विधेयक मांडले. त्याच्या बाजूने जुलै १९२८ मध्ये बाबासाहेब आंबेडकर बोलले आणि १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात कायदा झाला. सगळ्या देशासाठीचा मातृत्व लाभ कायदा १९६१ मध्ये आला. २०१७ मध्ये रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. आज एखाद्या बँकेतली बाई ही रजा घेते तेव्हा तिला जोशींचे नाव ठाऊक नसते. पण फेटाळलेला तो कागद नसता तर पुढच्यांना सुरुवात कोऱ्या पानापासून करावी लागली असती.

अलीकडचे उदाहरण सुप्रिया सुळे यांचे. कामाची वेळ संपल्यावर वरिष्ठांचा फोन किंवा ईमेल न घेण्याचा हक्क कर्मचाऱ्याला द्या, असे विधेयक त्यांनी २०१८ मध्ये मांडले आणि डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडले. वरवर पाहता हा कचेरीचा प्रश्न. खरा मुद्दा झोपेचा, ताणाचा, म्हणजे आरोग्याचाच. विधेयक मंजूर होईल असे त्यांनाही वाटत नसावे. पण तोवर घरोघरी नुसत्या कुरकुरण्यात विरणारी गोष्ट कलम-उपकलमांत बसली आणि तिच्यावर वाद घालता येऊ लागला.

आता प्रत्यक्ष कारागिरीकडे येतो, कारण मला गोडी आहे ती तिथेच. फेब्रुवारी २०२५ मध्ये आमच्या तुळजापूर तालुक्यातल्या तामलवाडीजवळ एमडी हा अमली पदार्थ पकडला गेला. आरोपींच्या यादीत पुढे काही पुजाऱ्यांचीही नावे आली आणि देवीच्या गावाचे नाव भलत्याच कारणाने राज्यभर झाले. चौकाचौकात चर्चा एकच, कडक कायदा हवा. ओळखीच्या एका वकिलांच्या ओट्यावर आम्ही बसलो आणि त्यांनी १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा माझ्यापुढे टाकला. म्हणाले, "वाचा सर. यापेक्षा कडक काय लिहिणार?"

खरेच, शिक्षेची त्यात कमी नाही. मोठ्या साठ्याला दहा ते वीस वर्षांची सक्तमजुरी आहे. कलम ६४ क प्रमाणे स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून सूट मिळण्याचीही सोय आहे. पण तो येणार कुठे? कलम ७१ मध्ये उपचार केंद्रे काढणे सरकारच्या मर्जीवर सोडले आहे. काढली तर काढली. तुळजापूरच्या पोराला घेऊन आई-बापाने सोलापूरला जायचे की पुण्याला, यावर कायदा गप्प.

मग त्या संध्याकाळी आम्ही एक दुरुस्ती लिहून पाहिली. प्रत्येक जिल्ह्यात किमान एक उपचार केंद्र काढणे सरकारला बंधनकारक, एवढीच. एक वाक्य. त्या वाक्याने पुढे काय काय मागितले ते बघण्यासारखे होते. आधी प्रश्न, हा विषय संसदेचा आहे का? दवाखाने आणि सार्वजनिक आरोग्य राज्यसूचीत आहेत, सहाव्या नोंदीत. पण अमली द्रव्ये आणि विषे समवर्ती सूचीत, एकोणिसाव्या नोंदीत. म्हणजे या दाराने आत जाता येते. 'तुळजापूरला ट्रॉमा केअर सेंटर द्या' ही मागणी मात्र या दाराने जात नाही, ती मुंबईची, राज्य सरकारकडची. दुसरा प्रश्न पैशाचा. केंद्रे काढायची तर भारताच्या संचित निधीतून खर्च होणार, म्हणून वित्तीय ज्ञापन जोडा. आणि अनुच्छेद ११७ (३) प्रमाणे राष्ट्रपतींची शिफारस मिळाल्याशिवाय सभागृह असे विधेयक मंजूर करू शकत नाही. ही शिफारस व्यवहारात मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने येते, म्हणजे किल्ली पुन्हा सरकारच्याच कमरेला. तिसरे, या उपचार केंद्रांचे नियम कोण करणार? त्याचे वेगळे ज्ञापन. शेवटी उद्देश आणि कारणे. हे पान मात्र वकील नसलेल्या माणसानेही लिहावे. गावात काय चालले आहे ते तिथेच मांडायचे असते, आणि विधेयक पडले तरी ते पान छापील नोंदीत राहते.

हे सगळे झाले तरी रांग संपत नाही. सूचना महिनाभर आधी द्यावी लागते. मांडल्यावर खासगी विधेयकांची समिती निकड आणि महत्त्व पाहून 'अ' आणि 'ब' असे वर्ग पाडते. मग चिठ्ठ्या. ज्याची चिठ्ठी निघेल त्याच्या विधेयकावर चर्चा. शुक्रवारचे अडीच तास, त्यातही एका शुक्रवारी विधेयके तर दुसऱ्या शुक्रवारी ठराव. गदारोळात शुक्रवार वाहून गेला तर तेही नाही. चर्चा झालीच तर शेवटी मंत्री आश्वासन देतात आणि सदस्य विधेयक मागे घेतो. लोकसभा विसर्जित झाली की उरलेली सगळी विधेयके आपोआप संपतात. हा दस्तूर मला पटत नाही. निदान वर्षात दोन-चार विधेयके मताला तरी टाकावीत. पडतील तर पडतील, कोण कुठल्या बाजूला उभा होता ते तरी दिसेल.

कायदा होऊनही काम अडते, हा आणखी निराळा प्रकार. कोजागरीला सोलापूरहून लाखो माणसे रात्रभर चालत तुळजापूरला येतात. त्या दिवसापुरती वाहने वळवली जातात आणि रस्ता माणसांचा होतो. बाकी वर्षभर तोच महामार्ग, तेच ट्रक, दुचाकीवर तिघे आणि कडेने चालणारे भाविक. अपघात झाला की लोक अजून दचकतात, "उचलला तर पोलीस आपल्यालाच धरतील." वास्तविक मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत कलम १३४ क ने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. जखमीला पहिल्या मोलाच्या तासात रोख पैशाशिवाय उपचार मिळावेत हीही त्याच दुरुस्तीतली तरतूद. तिची योजना निघायला मात्र मे २०२५ उजाडले, तेही सर्वोच्च न्यायालयाने खडसावल्यावर. दीड लाख रुपयांपर्यंत आणि सात दिवसांपर्यंत उपचार. जवळजवळ सहा वर्षे कलम कागदावर होते, योजना नव्हती. अशा ठिकाणी नवे विधेयक नको असते. खासदाराने सभागृहात प्रश्न विचारायचा असतो, आणि निवेदन लिहिताना हा फरक आपल्याला कळला पाहिजे.

म्हणून माझे सांगणे एवढेच. खासदारांना हार घालून फोटोपुरते निवेदन देऊ नका. कुठला कायदा, कुठले कलम, त्यात काय बदल हवा, हे एका पानात लिहा. लोकसभेच्या याचिका समितीकडेही जाता येते. तिथे याचिका हिंदी किंवा इंग्रजीत लागते. मराठीत लिहिली तर सहीनिशी भाषांतर जोडा. खासदारामार्फत मांडायची असेल तर त्याची प्रतिस्वाक्षरी घ्या. हिवाळी अधिवेशन साधारण नोव्हेंबर अखेरीस किंवा डिसेंबरात सुरू होते आणि विधेयकाची सूचना महिनाभर आधी जावी लागते. तेव्हा तुमचा कागद कोजागरीच्या आत खासदारांच्या हाती पडू द्या.