इटालियन गृहपाकातील टोमॅटो-सॉस : वर्गीकरणाचा प्रश्न

इटालियन घरगुती टोमॅटो-सॉसचे वर्गीकरण केवळ घटकपदार्थांवरून करणे पुरेसे नाही; त्यांतील टोमॅटोचे कार्य हीच निर्णायक कसोटी होय. पेल्लेग्रिनो आर्तुझी यांनी १८९१ च्या आपल्या पाकग्रंथात साधा, शिजवून गाळलेला ‘सूगो’ आणि कांदा, लसूण, सेलरी इत्यादींनी युक्त ‘साल्सा’ असा भेद केला आहे. दोहोंत टोमॅटोच प्रधान असतो. नेपल्सच्या ‘रागू’त मांसाचे मोठे तुकडे टोमॅटोत कित्येक तास मंदाग्नीवर शिजतात, रस पास्त्यास लावतात व मांस मागाहून वेगळे वाढतात. येथे टोमॅटो हे मांसाचा स्वाद ग्रहण करणारे माध्यम ठरते. बोलोन्याच्या रागूत मात्र बारीक केलेले मांस प्रधान, टोमॅटो गौण. आर्तुझींच्या बोलोन्या-पद्धतीच्या पाककृतीत तर तो मुळीच नाही. सबब, नामसाम्यावरून हे दोन्ही रागू एकाच वर्गात घालणे युक्त नव्हे.