माणसं थोडी, वारा फार

२०२३च्या ऑक्टोबरात मुलाकडे अमेरिकेला जाण्याचा योग आला. गल्लीतल्या मंडळींनी विचारलं, "बाई, न्यूयॉर्क की शिकागो?" मी म्हटलं, "वायोमिंग." पुढं काय विचारावं ते कुणालाच सुचेना.

खरं सांगते, मी एक बेत मनात धरूनच गेले होते. मुलाला डॅलसला नोकरी चालून आली होती. तिथं मराठी मंडळ आहे, कन्नड संघ आहे. आमची सूनबाई धारवाडची. नातू आईशी कन्नड बोलतो, बाबाशी मराठी. अशा घरानं आपल्या माणसांत राहायला नको का? त्यात सूनबाईला दिवस गेलेले. 'डॅलसला जा' हे पटवूनच परतायचं, असं ठरवलं होतं.

वायोमिंग राज्य आपल्या बेळगाव जिल्ह्याच्या जवळजवळ १९ पट मोठं. २०११च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची वस्ती सुमारे ४८ लाख होती. तिथं २०२०च्या मोजणीत अख्ख्या राज्यात माणसं ५,७६,८५१! मुलाचं गाव लॅरमी, विद्यापीठाचं. वस्ती ३१ हजार, आणि तरी राज्यात मोठेपणात चौथा नंबर. गावाबाहेर पडलं की मैलोन् मैल गवत, हरणांसारखे प्राँगहॉर्न आणि वारा. पहिले पंधरा दिवस मला वाऱ्याच्या आवाजानं झोप नव्हती.

अशा ठिकाणी लोक का राहतात? मुलगा म्हणाला, "आई, गर्दी नाही, राज्याचा वेगळा आयकर नाही, मोकळं आभाळ आहे." मी इतिहास शिकवलेली बाई, मला वेगळंच आवडलं. १८६९ साली, राज्याचा दर्जाही मिळाला नव्हता तेव्हा, वायोमिंगनं बायकांना मताचा हक्क दिला. तिथं बायका फारच कमी. या निमित्तानं तरी त्या वस्तीला येतील, हाही त्यामागचा एक हेतू होता म्हणतात. १९२५ साली नेली टेलो रॉस तिथं गव्हर्नर झाल्या. अमेरिकेतल्या त्या पहिल्या महिला गव्हर्नर. माणसं थोडी असली की प्रत्येकाची किंमत वाढते, हे मला तेव्हा पुस्तकातून पटलं. अनुभव पुढं यायचा होता.

जानेवारीत सूनबाईला सातवा महिना. डॉक्टरांनी डेन्व्हरच्या तज्ज्ञांना दाखवायला सांगितलं. दोनशे किलोमीटरहून लांब. आदल्या रात्री बर्फ आणि वारा सुरू झाला. तिथं हमरस्त्यावर रेल्वेसारखी फाटकं असतात, ती बंद झाली. दोन दिवस आम्ही खिडकीशी बसून होतो. 'डॅलस' हा शब्द माझ्या ओठांवर होता.

तिसऱ्या दिवशी पहाटे बाहेर फावड्याचा आवाज. शेजारचे सत्तरीचे आजोबा आमच्या दारातला बर्फ काढत होते. फाटक उघडल्यावर आपली मोठी गाडी पुढं घालून ते डेन्व्हरपर्यंत आले. मी आभार मानले तर म्हणाले, "मी नाही आलो तर दुसरं येणार कोण?"

आमच्या गल्लीत पन्नास घरं. म्हणूनच कधी कधी प्रत्येकाला वाटतं, दुसरा कुणी जाईल.

बाळ सुखरूप होतं. पण शेवटचा महिना डेन्व्हरलाच राहा, असं डॉक्टरांनी बजावलं. भाड्याची खोली घ्यावी लागली. खर्च झाला, ओढाताण झाली. मोकळ्या आभाळाचं भाडंही द्यावं लागतं!

त्या खोलीत एका रात्री मी सूनबाईला विचारलं, "तुला स्वतःला काय हवंय?" ती म्हणाली, "अत्ते, इल्ली नन्न हेसरु एल्लारिगू गोत्तु." इथं माझं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. डॅलसचं मग मी काढलंच नाही.

२०२४च्या मार्चमध्ये नात झाली. मंडळी लॅरमीतच राहिली. माझी काळजी काही गेलेली नाही. थंडी पडली की रोज सकाळी मोबाईलवर आधी तिकडचा रस्ता उघडा आहे का ते बघते, मगच चहा ठेवते.