तीनची सुट्टी, चारची मॅच

मोल्डर मूठभर सँड उचलतो, आवळतो, मूठ उघडून बोटांचे ठसे बघतो आणि गोळा मधोमध मोडतो. कडा भुरभुरली नाही, म्हणजे जमली. वाळू, बेंटोनाइट, कोळशाची भुकटी आणि पाणी. लॅबमध्ये ओलावा मोजायचं यंत्र आहे, पण शिरोली एमआयडीसीतल्या या फाउंड्रीत अजून मुठीवरच जास्त विश्वास.

माझ्यासमोरचा मोल्डर पंचविशीतला, मंगळवार पेठेतला. आज त्याची नजर सारखी घड्याळावर. फर्स्ट शिफ्ट तीनला सुटते आणि चारला शाहू स्टेडियमवर त्याच्या तालमीची मॅच. खरं तर या आठवड्यात त्याची सेकंड शिफ्ट होती. ती बदलून दिली शिवाजी पेठेतल्या, म्हणजे विरुद्ध पार्टीच्या, एका कामगारानं. "हरून या म्हणजे फिटलं," एवढंच तो म्हणाला म्हणे.

पॅटर्नवर सँड दाबून बसते, मध्ये कोअर ठेवला जातो, वरची पेटी खालच्या पेटीवर उतरते. तिकडं इंडक्शन फर्नेसमध्ये लोखंड चौदाशे अंशांच्या आसपास. लॅडल आली की बोलणं बंद. ओतताना धार तुटली, तर आतलं लोखंड सांधत नाही आणि कास्टिंग थेट भंगारात.

चहाच्या सुट्टीत विषय क्लबांचा निघाला. कोल्हापूरच्या फुटबॉलची गंमत नावांतच आहे: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. शाहू महाराजांनी कुस्तीला बळ दिलं, 1912 साली खासबागेचं मैदान उभं राहिलं, पेठापेठांत तालमी घुमू लागल्या. पुढं त्याच तालमींच्या पोरांनी चेंडूला लाथ मारली, पण नाव तालमीचंच ठेवलं. प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ हे त्यातले थोडे निराळे. लंगोटाची जागा जर्सीनं घेतली, हलगी मात्र तीच राहिली.

मी त्याला कलकत्त्याची गोष्ट सांगितली. 1873 मध्ये तिथल्या इंग्रजांनी रग्बी खेळायला कलकत्ता फुटबॉल क्लब काढला. पाच वर्षांत क्लब ओस पडला. उरलेल्या लोकांनी बँकेतले पैसे चांदीच्या रुपयांत काढले, ते वितळवून चषक घडवला आणि इंग्लंडच्या रग्बी संघटनेला देऊन टाकला. तीन नागांचे कान, झाकणावर हत्ती. इंग्लंड आणि स्कॉटलंड 1879 पासून त्या चषकासाठी खेळतात.

"चांदीला किती टेम्परेचर?" त्यानं विचारलं.

"साडेनऊशेच्या थोडं वर."

"मग आपल्यापेक्षा कमीच की." चहाचा घोट घेऊन तो म्हणाला, "आणि पोरं कुठं गेली?"

रग्बीच्या इतिहासात चषकाचं वर्णन भरभरून मिळतं. हा प्रश्न त्यालाच सुचला. पलटणी बदलून गेल्या, राहिलेले पोलो आणि टेनिसकडे वळले. त्या क्लबाला स्वतःची गल्ली नव्हती. इथं आजोबा, बाप आणि नातू एकाच तालमीची वर्गणी भरतात. हरल्यावर शिव्याही तिथंच, कट्ट्यावर खायच्या.

अर्थात सगळं गोड नाही. बक्षिसांची रक्कम वाढली, तसे बाहेरचे, अगदी आफ्रिकेतले खेळाडूही संघांत आले. पेठेतली पोरं बाकावर बसली. पेठेचा खेळाडू दुसऱ्या तालमीत गेला, तर घरावरून जाणारे मान वळवतात. मला हा रुसवा पैशापेक्षा बरा वाटतो. रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव 2017 मध्ये सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हा हा रुसवा काही दिवस विसरला गेला आणि तो सगळ्याच पेठांचा झाला.

नॉकआउटवर साचे फुटत होते. लालसर कास्टिंग बाहेर पडत होतं, काळी सँड पुन्हा पट्ट्यावरून मागं जात होती. भोंगा वाजला तेव्हा त्यानं हात नुसतेच झटकले. गाडीला किक, पंचगंगेचा पूल, तावडे हॉटेल, कावळा नाका. मागच्या सीटवर मी, मांडीवर त्याचे बूट.

रावणेश्वराच्या देवळाजवळ पोचेपर्यंत हलगी सुरू झालेली. उत्तरार्धात वीस मिनिटं राहिली तेव्हा त्याला बोलावलं. तो लेस बांधायला वाकला. नखांत काळी सँड तशीच होती. गॅलरीतून कुणीतरी त्याच्या वडिलांच्या टोपणनावानं हाक मारली आणि त्यानं वर न बघताच हात केला.