डिशचा रिचार्ज बंद करताय? आधी डब्यातले रेकॉर्डिंग सोडवा

गावोगावच्या छपरांवर डिशच्या थाळ्या अजून दिसतात, पण त्यांतल्या कितीतरी आता नुसत्याच आभाळाकडे तोंड करून उभ्या आहेत. पोरे मोबाईलवरच सामने आणि मालिका बघू लागली, मग दर महिन्याला रिचार्ज कशाला, असा विचार करून लोक कनेक्शन बंद करीत आहेत. हिशेबाने ते बरोबरच आहे. मात्र ज्यांच्याकडे रेकॉर्डिंगची सोय असलेला सेट टॉप बॉक्स, म्हणजे आपल्या बोलीतला ‘डबा’ आहे, त्यांनी रिचार्ज संपू देण्याआधी जरा थांबावे.

हे रेकॉर्डिंगचे डबे आपल्याकडे 2008 च्या सुमारास आले. शेतकऱ्यांनी त्यांचा उपयोग चांगला करून घेतला. शेतीचा कार्यक्रम लागायचा तेव्हा माणूस रानात असायचा; डबा लावून ठेवला की रात्री जेवणानंतर निवांत बघता येई. डाळिंबाचा तेल्या, उसाचे पाचट, छाटणीचे प्रात्यक्षिक असे बरेच काही लोकांनी साठवले. कुणाच्या डब्यात सह्याद्री वाहिनीवरची आपल्याच भावकीतल्या बागायतदाराची मुलाखत असते. तो म्हातारा आज हयात नसेल तर त्याचे चालते-बोलते रूप घरात तेवढेच उरलेले असते. असे रेकॉर्डिंग एकदा गेले की पुन्हा मिळण्याची आशा थोडीच.

जुन्या व्हीसीआरच्या कॅसेटला ही अडचण नव्हती. केबलवाल्याचे बिल थकले तरी कॅसेट चालायची. तिला भीती फक्त पावसाळ्यातल्या बुरशीची. डिशच्या डब्याचे तसे नाही. वरून येणारे चित्र कुलूप लावूनच येते आणि बऱ्याच डब्यांत रेकॉर्डिंगही कुलूपबंदच साठते. त्याची किल्ली त्या डब्यात, त्यातल्या कार्डात आणि चालू खात्यात असते. खाते बंद झाले की बऱ्याच डब्यांत यादी दिसते, कार्यक्रमाचे नाव दिसते, पण बटण दाबले की पडद्यावर नुसती सूचना येते. डब्याला जोडलेला पेन ड्राईव्ह किंवा हार्ड डिस्क काढून संगणकाला लावली, तर तो ‘फॉर्मॅट करू का?’ असे विचारतो. तिथे घाईने ‘हो’ म्हणू नये. ‘हो’ म्हटले की होते तेही पुसले जाते.

‘डबा माझा, वीज माझी, रिचार्जही मीच भरला, मग रेकॉर्डिंग कुणाचे?’ असे कुणी विचारले तर ते रास्तच आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 39 मध्ये स्वतःच्या खाजगी वापरासाठी किंवा खऱ्याखुऱ्या शिक्षणासाठी, संशोधनासाठी केलेले रेकॉर्डिंग प्रसारण हक्काचा भंग धरलेले नाही. पण कायद्याने मुभा दिली म्हणून कंपनी किल्ली देतेच असे नाही. निदान डबा विकताना ही गोष्ट मराठीत, मोठ्या अक्षरांत सांगायला काय हरकत होती?

असो. आता उपाय. डिशची वायर काढून रेकॉर्डिंग चालते का, हे पाहण्यात अर्थ नाही. खात्याची परवानगी कार्डात काही काळ शिल्लक राहते, त्यामुळे त्या दिवशी चालेल आणि पुढे बंद पडेल. कंपनीच्या ग्राहक सेवा केंद्राला ‘खाते बंद झाल्यावर जुने रेकॉर्डिंग दिसेल का?’ असे सरळ विचारावे. डबा भाड्याचा आहे की स्वतःच्या मालकीचा, तेही विचारून घ्यावे. भाड्याचा असेल तर तो परत जाताना आतले सगळे घेऊनच जातो. जुना डबा देऊन नवा घेतला तरी तोच प्रकार.

जे जपायचे आहे ते खाते चालू असतानाच बाहेर काढावे. डब्याच्या मागे पिवळी, लाल, पांढरी अशी तीन भोके असतात. त्यांना व्हिडिओ कॅप्चरचे छोटे यंत्र जोडून चित्र संगणकात घेता येते. लग्नाचे शूटिंग करणाऱ्या स्टुडिओवाल्याकडे हे सामान बहुधा असतेच. काही डब्यांत तिथेही अडथळा असतो आणि एचडीएमआयच्या वायरीवर तर तो असतोच. एक तासाचा कार्यक्रम उतरवायला पुरता तास लागतो, त्यामुळे सगळेच्या सगळे उतरवायचा हट्ट नको. काहीच जमले नाही तर अंधाऱ्या खोलीत मोबाईल तिकाटण्यावर ठेवून पडद्याचेच शूटिंग करावे. चित्र फिके येईल, पण म्हाताऱ्याचा आवाज तरी राहील.

ज्यांना फक्त दूरदर्शन पुरते त्यांच्यासाठी डिसेंबर 2004 मध्ये सुरू झालेली, आज डीडी फ्री डिश म्हणून ओळखली जाणारी सेवा आहे. तिला मासिक रिचार्ज नाही. बहुधा जुनीच थाळी दिशा बदलून वापरता येते, डबा तेवढा वेगळा लागतो. यूएसबीची सोय असलेल्या अशा बऱ्याच डब्यांतले रेकॉर्डिंग संगणकावरही चालते. मात्र दुकानात पैसे देण्याआधी पाच मिनिटे रेकॉर्ड करून संगणकावर लावून बघावे. मोठी फाईल 4 जीबीच्या तुकड्यांत मोडली तर घाबरू नये, ती पेन ड्राईव्हच्या जुन्या पद्धतीची मर्यादा आहे.

ग्रामसेवक आणि सरपंचांसाठीही एक गोष्ट. पंचायतीच्या टीव्हीच्या डब्यात गावच्या कामाची बातमी किंवा कार्यक्रम साठवला असेल, तर कनेक्शन बंद करण्याच्या ठरावाआधी त्याची प्रत काढून घ्यावी आणि दप्तरात नोंद करावी. दूरदर्शन सह्याद्री आणि डीडी किसान यांचे काही कार्यक्रम यूट्यूबवर आहेत, तिथेही शोध घ्यावा. प्रत एक नको, दोन कराव्यात: एक पंचायतीच्या संगणकावर, दुसरी शाळेत. फाईलच्या नावात कार्यक्रम, गाव आणि तारीख मराठीत लिहावी, नाहीतर पुढच्या ग्रामसेवकाला त्यात काय आहे हे कळायचे नाही.